चित्राला भाषा लागत नाही, हे कितपत खरं?

मलप्रभेकाठी
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. गावच्या पाणी-आरोग्य समितीत मी काम करते. पावसाळ्याआधी पाणी गाळून-उकळून पिण्याबद्दल एक फलक लावायचा आहे. आपल्याकडं फलक म्हटलं की पहिला प्रश्न भाषेचा. कानडी वर की मराठी वर, कुणाचं अक्षर मोठं. बैठकीत यावर तोडगा निघाला की शब्दच नकोत, नुसती चित्रं काढू, चित्र कुणालाही कळतं. सगळ्यांना पटलं.

चार चौकटींचं चित्र तयार झालं. पहिलीत बाई ओढ्यावर बिंदगी भरतेय आणि त्यावर लाल फुली. दुसरीत फडक्यानं पाणी गाळतेय. तिसरीत चुलीवर पातेलं, वर वाफेच्या तीन नागमोडी रेघा. चौथीत पेला धरलेलं हसरं पोर. रंगवायला देण्याआधी मी ते कागदावर घेऊन काही घरं फिरले. एका आजींनी सुरुवातच चौथ्या चौकटीपासून केली. वाफेच्या रेघा बघून एकीनं विचारलं, पातेल्यातनं दोऱ्या कशाला लोंबताहेत? आणि लाल फुलीचं तर विचारू नका. दोघी-तिघींना ती दवाखान्याची खूण वाटली. म्हणजे ओढ्याचं पाणी दवाखान्यानं चांगलं म्हटलंय! आम्हाला सांगायचं होतं नेमकं त्याच्या उलट.

तर प्रश्न असा, की चित्र बघायला शिकावं लागतं का? यावर कुणी नीट अभ्यास केला आहे का? तुमचे अनुभवही सांगा. फलक अजून रंगवलेला नाही.

कडोलीचा बाळू
अक्का, शब्द काढून टाकले म्हणून भांडण मिटतंय होय? आता त्या बाईचं लुगडं इकडचं की तिकडचं यावर बैठक बसंल बघा. खरं प्रश्न लई भारी आहे. वाचूलोय.

निपाणकर
ताई, तुमच्या फुलीसारखाच प्रकार आमच्या निपाणीत विंचवाचा झाला होता. तंबाखूच्या पुड्यांवर चित्ररूप इशारा ३१ मे २००९ पासून सक्तीचा झाला. तोंडात धरायच्या तंबाखूवर तेव्हा विंचवाचं चित्र होतं. काढणाऱ्याच्या मनात सरळ हिशोब असणार, विंचू म्हणजे विष, तंबाखू म्हणजे विष.

आता आमच्याकडचं बघा. माझी आई, मावशी, सगळ्या गल्लीच्या बायका बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं, जर्द्याची चिमूट, आणि वळून झाल्या की बंडलावर कागदी लेबल. लेबलावर काय असायचं? कुठं पक्षी, कुठं जनावर, कुठं देव. गिऱ्हाईक दुकानात नाव वाचत नाही, छाप सांगून बिडी मागतं. अशा माणसाच्या हातात विंचवाची पुडी दिल्यावर त्याला काय वाटणार? नवा छाप आला! आमच्या गल्लीत एका काकांनी दुकानदाराला ‘विंचूवाली दे, कडक असंल’ म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. विंचू त्यांना लगेच ओळखू आला. तो तिथं कशासाठी छापलाय ते मात्र कळलं नाही.

डिसेंबर २०११ पासून विंचू गेला आणि तोंडाच्या कर्करोगाचे फोटो आले. त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याला द्यावा लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला होता, पण जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. चित्राचा आकार केवढा यावर एवढी लढाई होते, यावरनंच कळतं की चित्राचं वजन विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

शोधयात्री
मी धारवाडला मानसशास्त्र शिकले, घर बेळगावला. निपाणकरांनी नेमकं दुखणं पकडलं आहे. चित्रातली वस्तू ओळखणं वेगळं आणि चित्र काय म्हणतंय ते कळणं वेगळं. संशोधनातही या दोन गोष्टी निरनिराळ्या निघतात.

पहिलीबद्दल हॉकबर्ग आणि ब्रूक्स या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचा १९६२ चा प्रयोग आहे. त्यांनी स्वतःच्या मुलाला जन्मापासून शक्य तितकं चित्रांपासून दूर ठेवलं. कधी चुकून एखादं चित्र दिसलंच, तर त्याचं नाव त्याला सांगितलं नाही. मूल १९ महिन्यांचं झाल्यावर ओळखीच्या वस्तूंची रेखाचित्रं आणि फोटो दाखवले. ते त्यानं न शिकवता ओळखले. म्हणजे चुलीचं चित्र ही चूल आहे, हे कळायला शाळा लागत नाही.

दुसरीबद्दल तुमच्या कामाचा अभ्यास नेपाळमधला आहे. फसेल आणि हालँड या दोघींनी तिथल्या खेड्यांत फिरून युनिसेफसाठी तो केला, १९७६ चा अहवाल आहे. लोकांना छायाभेद असलेली, म्हणजे काळा, पांढरा आणि मधला करडा अशी रंगवलेली चित्रं सगळ्यात चांगली ओळखता आली. फार सोपी करून काढलेली, नाक-डोळे नसलेली चित्रं सगळ्यात कमी. शहरातल्या माणसाला वाटतं की चित्र जितकं साधं तितकं सोपं. तिथं तसं निघालं नाही. साधे फोटोसुद्धा तितके चालले नाहीत, कारण मागच्या पसाऱ्यात मुख्य वस्तू हरवते. तोच फोटो पार्श्वभूमी कापून दाखवला की जास्त जणांना कळायचा. आणि चित्रांची ओळ डावीकडून उजवीकडं बघायची असते, हे पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

तुमच्या आजी चौथ्या चौकटीपासून सुरू झाल्या यात त्यांची काही चूक नाही. डावीकडून सुरुवात करायची ही सवय आपल्याला पुस्तकानं लावलेली असते.

चित्रकला मास्तर
बेळगावात आयुष्यभर चित्रकला शिकवली, म्हणून थोडं बोलतो. शोधयात्री यांचं पटतं, पण या विषयातल्या जुन्या संशोधनाकडं जरा सावधपणे बघा.

१९६० साली हडसन नावाच्या संशोधकानं दक्षिण आफ्रिकेत काही चित्रं दाखवली. एका बाजूला भाला धरलेला शिकारी, दुसऱ्या बाजूला हरीण, आणि मध्ये दूर टेकडीवर छोटासा हत्ती. प्रश्न असा, की शिकारी भाला कुणावर रोखतोय? ‘हत्तीवर’ असं उत्तर दिलं की त्या माणसाला चित्रातलं जवळ-लांब, म्हणजे चित्राची खोली, दिसत नाही असा शेरा. यावरून माणसांच्या अख्ख्या गटांबद्दल निष्कर्ष काढले गेले. पुढं इतर अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच हरकती घेतल्या. माझी हरकत चित्रकाराची आहे. कागदावर भाल्याचं टोक हत्तीकडंच आहे! सपाट रेघांत, सावली न देता, अंतराच्या दोन-तीन खुणा टाकून चित्र काढायचं आणि बघणाऱ्याला नापास करायचं? माझ्या वर्गात कुणी असं चित्र आणलं असतं तर मी काढणाऱ्याला परत बसवलं असतं.

इथिओपियातल्या मे-एन लोकांचंही तसंच. त्यांना छापील कागद दिल्यावर ते कागदच चाचपत बसले, चित्राकडं लक्षच नाही, असं आधी सांगितलं जायचं. कागद ही वस्तूच त्यांच्या रोजच्या वापरात नव्हती. डेरेगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कापडावर मोठी जनावरं काढून दाखवली, तेव्हा वेळ लागला खरा, पण बहुतेकांनी ती ओळखली.

आणि आपली खेडी काही चित्राला नवखी नाहीत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. त्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडच्या देवघरांत पणज्यांच्या काळापासून आहेत. त्यांत सावली आहे, खोली आहे, मागं पाणी आणि झाडं आहेत. आपल्या गावचे के. बी. कुलकर्णी आणि त्यांच्याकडं शिकलेले रवी परांजपे यांनी माणसाच्या अंगावरचा उजेड कसा टिपला ते बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. आजींना चित्र कळत नाही असं नाही. त्यांना आपण हलकं चित्र दाखवतो. पातेल्यावर तीन दोऱ्या काढून ठेवल्या तर त्या दोऱ्याच म्हणणार. वाफ पांढरी, कडेला विरणारी, मागं काळवंडलेली भिंत अशी रंगवा आणि मग विचारा.

कडोलीचा बाळू
मास्तर, एक नंबर. त्या डासाची गोष्ट ठाऊक आहे नव्हं? हिवतापाचं पोस्टर लावलं, त्यावर हातभर डास. गावातली म्हातारी म्हणते, आमच्याकडं एवढाले डास नाहीत, आम्हाला काय भीती नाही.

शोधयात्री
@बाळू, ही गोष्ट आफ्रिकेतली म्हणून सांगतात, आशियातली म्हणूनही सांगतात. गाव कुठलं ते कधीच सांगत नाहीत. आणि खरी असली, तरी ती म्हातारी साहेबाची थट्टा करत नव्हती कशावरून? आपल्याकडच्या आज्यांना विचारून बघा, चेहरा सरळ ठेवून अशी उत्तरं देण्यात त्या पटाईत असतात.

कडोलीचा बाळू
आमची आजी दिलीच असती असं उत्तर. मान्य.

सीमावासी
मूळ प्रश्न बाजूलाच राहतोय. शब्द काढून टाकायची वेळ का यावी? गावात मराठी लोक आहेत, मराठी पाटी हवी, हा साधा हक्क आहे. १९५६ पासून आपण हेच सांगतोय. चित्राच्या आडोशानं भाषा पुसली जाऊ नये, एवढंच म्हणणं.

अथणीची सून
दादा, भावना कळते. पण त्याच गावात कानडी बोलणारी बाईही तेच पाणी पिते ना? माझ्या सासरी घरात कानडी, माहेरी मराठी. दोन्ही लिहा की. पोराला जुलाब सुटले की आई भाषा बघत बसत नाही.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, ती चर्चा तिथं करावी ही विनंती. फलकावर दोन्ही भाषा असाव्यात की नाही, एवढ्यापुरतं इथं चालेल.

डोळस
डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतो. ‘शिकावं लागतं का’ या प्रश्नाची दुसरी बाजू सांगतो.

बाणाच्या टोकांच्या दोन रेघांचं कोडं बहुतेकांनी पाहिलं असेल. दोन्ही रेघा सारख्याच, पण टोकं बाहेर उघडलेली रेघ लांब वाटते आणि आत वळलेली आखूड. म्युलर-लायर यांनी ते १८८९ मध्ये मांडलं. रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या निलगिरीत तोडा लोकांना ते दाखवलं. इंग्रजांपेक्षा तोडा कमी फसले. पुढं सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांत तपासणी करून १९६६ मध्ये मांडलं, की चौकोनी खोल्यांत आणि सरळ कोपऱ्यांत वाढलेला माणूस या रेघांना जास्त फसतो. म्हणजे नजर घडवतं ते घर. बरीच वर्षं हे जवळपास पाठ्यपुस्तकी सत्य होतं.

मग आपल्याच देशातलं काम पुढं आलं. पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’. जन्मापासून मोतीबिंदूमुळं न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होते आणि दिसायला लागल्यावर ती काय बघतात याचा अभ्यासही होतो. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की अशी मुलं दृष्टी आल्याआल्या त्या रेघांना फसतात. खोलीचा कोपरा त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही, तरी फसतात. मग घर नजर घडवतं या म्हणण्याचं काय करायचं?

त्याच प्रकल्पाचं २०११ चं निरीक्षण याच्या अगदी उलट्या अंगाचं. हातानं चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळख असं सांगितलं, तर शस्त्रक्रियेनंतर लगेच मुलांना ते जमलं नाही. काही दिवसांत जमू लागलं. हाच प्रश्न मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ लॉक यांना पत्रातून विचारला होता. त्याला असं उत्तर भारतातल्या मुलांकडून मिळालं. पट्टी काढल्यावर मूल आईच्या चेहऱ्याकडं बघत राहतं आणि आवाज आला की मगच हसतं, हे मी आमच्याकडं पाहिलंय. काही गोष्टी नजर येतानाच घेऊन येते, काही जोडाव्या लागतात. सरसकट एक उत्तर नाही.

निपाणकर
डोळस दादा, हे वाचून अंगावर काटा आला. सविस्तर वेगळा धागा काढा.

एक्सरे अण्णा
शिकलेल्या नजरेचंही ऐका मग. २०१३ चा अभ्यास आहे, ड्र्यू, व्हो आणि वुल्फ यांचा. २४ क्ष-किरण तज्ज्ञांना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, गाठीच्या कितीतरी पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. नजरेचा माग घेतला तर त्यातले बरेच जण नेमके तिथं बघून गेलेले. गाठ शोधायला सांगितली होती, त्यांनी गाठ शोधली.

मी रोज फिल्म बघतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘पडल्यामुळं मनगट दुखतंय’ लिहिलं असेल तर माझं लक्ष मनगटाच्या हाडावर जातं. तीच फिल्म नुसती ‘सूज’ लिहून आली तर मी सगळ्या हातावरनं फिरतो.

शोधयात्री
अण्णा, हीच गोष्ट यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं नजरेच्या रेघा काढून दाखवली होती. त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६७ मध्ये आलं. रेपिन या चित्रकाराचं एक चित्र आहे, अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस दारात उभा आहे आणि घरातली माणसं चमकून बघताहेत. एकाच माणसाला ते चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. वयं किती असतील विचारलं की नजर चेहऱ्यांवर फिरते. घरची परिस्थिती कशी असेल विचारलं की सामानावर आणि कपड्यांवर जाते. काहीच न विचारता बघायला सांगितलं की रेघ आणखी वेगळी.

म्हणून मलप्रभेकाठी ताई, तुम्ही घरोघरी गेल्यावर नेमकं काय विचारलंत?

मलप्रभेकाठी
‘यात काय काय दिसतं?’ असं विचारलं होतं.

शोधयात्री
मग त्या वस्तू मोजणार. पुढच्या वेळी ‘ही बाई काय करतेय आणि का?’ असं विचारून बघा. आणि त्यानंतर ‘तुम्ही घरी काय कराल?’

कॅम्पातली
चौकटींच्या क्रमाबद्दल. मी उर्दू माध्यमात शिकले, आता मुलं मराठी शाळेत. दवाखान्यातलं चार चित्रांचं पोस्टर माझी अम्मी आजही उजवीकडून बघते. त्यात पोर आधी बरं होतं आणि मग आजारी पडतं! वैद आणि सिंग यांचा १९८९ चा अभ्यास मी वाचलाय. अर्धा हसरा आणि अर्धा नेहमीचा असे जोडलेले चेहरे दाखवून कुठला जास्त आनंदी वाटतो ते विचारलं. डावीकडून वाचणारे आणि उजवीकडून वाचणारे यांच्यात फरक निघाला. बेळगावच्या एका बसस्टॉपवर मराठी, कानडी आणि उर्दू वाचणारे शेजारी शेजारी उभे असतात. ओळीत चौकटी लावणं इथं तरी धोक्याचं. एका फलकावर एकच चित्र ठेवा, बाजी.

अथणीची सून
किंवा गोष्ट आधी माहीत असायला हवी. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवा. वैशाखात रात्रभर चालते. पेटारे दिसले की आग्र्याहून सुटका, कड्यावर बाई दिसली की हिरकणी. कानडी घरातली माझी नणंदही बरोबर ओळखते, पाटी वाचायची गरज नाही. कारण ती लहानपणापासून बघत आलीय. पाणी उकळायची अशी गोष्ट कुणी सांगितलेलीच नाही, मग नुसत्या चित्रातनं ती कशी निघणार?

चित्रकला मास्तर
हे फार मोलाचं बोललीस, मुली. चित्ररथातला अफझलखान आणि वाघनखं काढणाऱ्याला तर काहीच समजावून सांगावं लागत नाही. फलकावरच्या चित्राला तशी गोष्ट आधी मिळवून द्यावी लागेल. अंगणवाडीतल्या ताईंनी ते चित्र हातात धरून चार वेळा गोष्ट सांगावी, मग तेच भिंतीवर यावं.

सीमावासी
आणि खाली दोन्ही भाषांत एक एक ओळ. अक्षर सारख्याच मापाचं. एवढं झालं तर माझी काही तक्रार नाही.

मलप्रभेकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. समितीपुढं सगळं वाचून दाखवलं. ठरलं ते असं. चार चौकटी रद्द. एकच मोठं चित्र, चुलीवर उकळतं पातेलं आणि शेजारी पेला धरून थांबलेलं पोर. फुली नाही, बाण नाही. मास्तरांनी सांगितलं तशी वाफ, काळवंडलेल्या भिंतीसमोर. खाली ‘पाणी उकळून प्या’ हे मराठीत आणि कानडीत, एकाच मापाच्या अक्षरात. यावर बैठकीत आवाज चढले, पण शेवटी दोन्ही बाजूंनी मान्य केलं. अंगणवाडीच्या ताई पुढच्या आठवड्यापासून तेच चित्र कागदावर घेऊन गोष्ट सांगायला लागतील.

कच्चं चित्र घेऊन परत तीच घरं फिरणार आहे, या वेळी शोधयात्रींचे प्रश्न घेऊन. मास्तर, पातेलं पितळेचं दाखवू की अॅल्युमिनियमचं? इथं दोन्ही वापरतात.

चित्रकला मास्तर
अॅल्युमिनियमचं. बुडाला काजळी धरलेलं. पितळेचं बघून काहींना ते कार्याचं भांडं वाटेल. आणि चुलीत जाळ दिसला पाहिजे, नुसती लाकडं नकोत.

कडोलीचा बाळू
आणि झाकण नको. झाकणानं वाफ कशी दिसायची?

शोधयात्री
बाळूचं बरोबर आहे. ताई, एक विनंती. घरोघरी जी उत्तरं येतील ती मराठी असोत की कानडी, बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या, सारांश करू नका. आजींनी पुन्हा दोऱ्या म्हटलं तर दोऱ्याच लिहा. वही भरली की इथं टाका.